बायपॅप आलं, पण चेहऱ्याला लावायचं काय? कोकणातल्या सरकारी रुग्णालयांची खरेदी ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत कुठलं यंत्र यावं, किती यावं, कुठल्या निधीतून यावं हे तुम्ही मंडळी ठरवता. तुमच्यात डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, लोकप्रतिनिधी आहेत. मी परिचारिका. २६ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली १४ अतिदक्षता विभागात, आणि जवळपास सगळी सिंधुदुर्गात. इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना मागणीपत्रं मीच भरायचे, पण त्यात वस्तूचं नाव आणि नग एवढंच लिहायला जागा असते. जे त्या रकान्यात मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

ऑगस्टातली गोष्ट. लावणी उरकून बेणणी चालू होती. साठी उलटलेले एक शेतकरी पाच दिवस ताप अंगावर काढून आमच्याकडे आले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. साध्या मास्कने १५ लिटर ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन ८६. शुद्धीवर होते, धापा टाकत का होईना पण बोलत होते. डॉक्टरांनी बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावायला सांगितलं. मशीन होतं, चांगलं होतं. मास्क मात्र एकाच मापाचा. त्यांना दात नव्हते, कवळी उशाशी पिशवीत. गाल आत गेलेले, वर झुपकेदार मिशी. मास्क लावला की गालाच्या खळग्यातून हवा सुटायची ती थेट डोळ्यात. मशीन ‘लीक’ म्हणून ओरडायचं. आम्ही पट्टा आवळायचो. तासाभरात पुन्हा तेच. सून शेजारी उभी राहून तळहाताने मास्क गालावर दाबून धरायची, हात भरून आला की मुलगा यायचा.

दुसऱ्या दिवशी नाकाच्या हाडावरची कातडी लाल झाली, संध्याकाळी काळसर, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे फुटली. पेज भरवायला मास्क काढला तर दोन चमच्यांत सॅच्युरेशन ७८ वर. मग पेजही बंद. रात्री ते हात जोडून म्हणाले, “माका ह्या नको गे बाय, माझो जीव घुसमटता.” मी त्यांना समजावलं, हात धरून बसले, आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले तेवढ्यात त्यांनी मास्क ओढून काढला. चौथ्या दिवशी घशात ट्यूब घालून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे ते गेले.

मास्कमुळे गेले असं मी म्हणणार नाही. आजार मोठा होता, उशीर झाला होता. पण ज्या उपचाराने त्यांची ट्यूब कदाचित टळली असती तो उपचार आम्ही त्यांना नीट देऊच शकलो नाही, कारण तो त्यांच्या चेहऱ्यावर बसलाच नाही. हे मला आजही बोचतं.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायपॅप किंवा सीपॅप म्हणजे घशात नळी न घालता फुप्फुसात दाबाने हवा देणं. न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटतात, त्यांत पाणी साचतं. बाहेरून सतत दाब राहिला तर ते फुगे उघडे राहतात, रक्तात ऑक्सिजन पोचतो, आणि छातीच्या स्नायूंचं काम हलकं होतं. रुग्ण जागा असतो, खोकू शकतो. ट्यूब घातली की भूल, व्हेंटिलेटर, नव्या जंतुसंसर्गाची भीती, हातपाय गळून जाणं, हे सगळं मागोमाग येतं. म्हणून ट्यूब टाळता आली तर टाळायची. पण दाब टिकायला हवा, आणि दाब टिकतो की नाही हे मशीनवर ठरत नाही. चेहऱ्यापाशी काय लावलंय त्यावर ठरतं. तुमच्या बैठकीत मशीनच्या कंपनीवर, किमतीवर, वॉरंटीवर तास-तास चर्चा होते. मास्क मात्र ‘ॲक्सेसरीज’ म्हणून शेवटच्या ओळीत येतो.

मास्कला दुसरा पर्याय आहे. त्याला हेल्मेट म्हणतात. मोटरसायकलचं नव्हे. पारदर्शक प्लॅस्टिकची, डोकं पूर्ण आत जाईल अशी टोपी, खाली गळ्याशी मऊ ताणली जाणारी कॉलर, आणि ती वर उडू नये म्हणून काखेतून घेतलेले दोन पट्टे. एका बाजूने हवा-ऑक्सिजन आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. बाहेरच्या तोंडाला दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आणि जंतू अडवणारा फिल्टर. नाकावर काही नाही, गालावर काही नाही. दात असोत-नसोत, मिशी असो-नसो. इटलीतले डॉक्टर हे वीसहून अधिक वर्षं वापरत आहेत, आणि २०२० च्या वसंतात लोम्बार्डीतल्या वॉर्डांचे जे फोटो जगाने पाहिले त्यांत रांगेने या टोप्या दिसत होत्या.

मी ते पहिल्यांदा हाताळलं २०२१ साली, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर असताना. लावायला दोघी लागतात. एकीने कॉलर दोन्ही हातांनी ताणायची, दुसरीने रुग्णाचं डोकं सांभाळायचं, आणि एका दमात खाली ओढायची. कान दुमडत नाहीत ना ते बघायचं. आत हवेचा आवाज फार, पत्र्यावर पागोळ्या पडाव्यात तसा, थांबतच नाही. म्हणून कानात बोळे घालायचे. काखेतले पट्टे रुततात, तिथे कापूस द्यायचा. काही रुग्ण घाबरतात, डोकं कोंडल्यासारखं होतं त्यांना. पण जे पहिला अर्धा तास काढतात ते पुढे तासन् तास राहतात. एक काका चष्मा लावून आत पेपर वाचत होते. एका बाजूच्या छोट्या तोंडातून नळी आत घालून लिंबूसरबत प्यायले, दाब न उतरवता. बोलणं आम्हाला ऐकू येईना, तर त्यांच्या मुलीने पाटी-पेन्सिल आणून दिली. पाटीवर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, “पंखा कमी करा.” मला वाटलं, आमच्या त्या शेतकरीबाबांना हे मिळायला हवं होतं.

आता इथून पुढे मला सांभाळून लिहिलं पाहिजे. हे पत्र वाचून कुणी उद्या ‘हेल्मेट, ५० नग’ अशी निविदा काढली तर मी लिहिलेलं वाया जाईल. नुसतं वाया गेलं तर एक वेळ परवडेल, पण कुणाच्या जिवावरही बेतेल.

अभ्यास काय सांगतात ते आधी बघा. २०१६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या डॉ. भक्ती पटेल आणि सहकाऱ्यांनी ८३ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सगळ्यांना फुप्फुसांची तीव्र सूज, एआरडीएस. सगळे आधी किमान ८ तास मास्कवर होते. मग चिठ्ठी टाकून काहींना मास्कवरच ठेवलं, काहींना हेल्मेट लावलं. मास्कवाल्यांपैकी ६१.५ टक्के लोकांना ट्यूब घालावी लागली, हेल्मेटवाल्यांपैकी १८.२ टक्के. ९० दिवसांत मास्कच्या गटातले ५६.४ टक्के दगावले, हेल्मेटच्या गटातले ३४.१ टक्के. हेल्मेटमध्ये दाब जास्त ठेवता आला, ८ सेंटिमीटर पाण्याच्या आसपास. मास्कवर तो ५ च्या आसपासच राहिला. माझ्या अनुभवाशी हे अगदी जुळतं. मास्कवर दाब वाढवला की पहिलं काय वाढत असेल तर लीक.

पण हा एकाच रुग्णालयातला अभ्यास, रुग्ण थोडे, आणि फरक मोठा दिसला म्हणून मध्येच थांबवलेला. असे अभ्यास फायदा आहे त्याहून मोठा दाखवू शकतात, हे डॉक्टर मंडळी मान्य करतील. पुढे २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात इटलीतल्या चार अतिदक्षता विभागांत कोविडच्या १०९ रुग्णांवर हेल्मेट आणि नाकातून जोरात दिला जाणारा ऑक्सिजन, म्हणजे हाय फ्लो, यांची तुलना झाली. श्वासाच्या आधाराशिवाय किती दिवस गेले या मुख्य मापात फरक पडला नाही. ट्यूब मात्र हेल्मेटच्या गटात ३० टक्क्यांना लागली, दुसऱ्या गटात ५१ टक्क्यांना. आणि २०२२ मध्ये सौदी अरेबिया आणि कुवेतमधल्या ३२० कोविड रुग्णांवरचा, या तिघांत सर्वांत मोठा अभ्यास छापून आला. एका गटाला हेल्मेट, दुसऱ्याला नेहमीचं, म्हणजे मास्क, हाय फ्लो किंवा साधा ऑक्सिजन. २८ दिवसांत मृत्यू २७ टक्के आणि २६.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत युरोपातल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनेही मास्क की हेल्मेट यावर बाजू घ्यायचं टाळलं.

मग मी हेल्मेटसाठी का लिहिते आहे? कारण हेल्मेट मास्कपेक्षा थोर आहे असं माझं म्हणणंच नाही. ज्या माणसाला मास्क सहन होत नाही, ज्याच्या चेहऱ्यावर तो बसत नाही, त्याला आज आपल्याकडे पुढची पायरी थेट ट्यूब आणि रेफर ही आहे. त्या दोहोंच्या मधली एक पायरी हातात असावी, एवढंच मागणं आहे. आणि ती पायरी वापरायला शिकलेली माणसं असावीत. इटलीतल्या लोकांचा हेल्मेटवर हात बसलेला होता. कोविडच्या गर्दीत नव्याने हाती घेतलेल्यांना तसंच यश येईल असं धरून चालता येत नाही. हा माझा अंदाज आहे, पण हात न बसलेल्या माणसाच्या हातात हेल्मेट काय करतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, कुणाच्या तरी देणगीतून हेल्मेटचे खोके आले. सोबत दाबाचे व्हॉल्व्ह नव्हते, मापं नव्हती, शिकवायला कुणी आलं नाही. मी तिथे एका प्रशिक्षणासाठी गेले होते. दुपारी वॉर्डात गेले तर एका बाईंना हेल्मेट लावलेलं, आणि ते भिंतीवरच्या साध्या फ्लोमीटरला जोडलेलं, काटा १५ वर. सॅच्युरेशन ९८. ड्युटीवरची मुलगी आनंदाने म्हणाली, मॅडम, हे लावल्यापासून मस्त आलंय, पेशंट शांत झोपलीय. मी हात लावून उठवलं. उठेनात. नाडी जोरात, अंग घामाने ओलं, हाताला कंप. लगेच कॉलर सोडवून टोपी काढली, साधा ऑक्सिजन दिला, डॉक्टरांना बोलावलं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढला होता. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि सुनेला हाक मारली.

कारण साधं आहे. हेल्मेटच्या आत दहा लिटरच्या वर जागा असते. माणूस सोडलेला श्वास त्यातच सोडतो. तो धुऊन बाहेर जायचा तर मिनिटाला ५० ते ६० लिटर ताजी हवा आत यावी लागते. १५ लिटरवर माणूस स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा ओढत राहतो. ऑक्सिजन भरपूर असल्याने सॅच्युरेशन छान दिसतं, मॉनिटर हिरवा, आणि माणूस गुंगीत जातो. त्या मुलीची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खोका पाठवणाऱ्याने सांगायला हवं होतं.

म्हणूनच धाप लागलेल्या प्रत्येकाला हेल्मेट नव्हे. आपल्याकडे बिडी ओढून आणि चुलीपुढे धूर खाऊन फुप्फुसं झिजलेले कितीतरी आहेत, बायकाही. त्यांची धाप मुळात कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते. त्यांना बायपॅप मास्कवरच द्यायचा, हेल्मेट त्यांच्यासाठी पहिली निवड नाही. मास्कमधली जागा लहान, त्यामुळे मशीनला रुग्णाचा श्वास लगेच कळतो. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलेल्यांनाही मास्कने तासाभरात उतार पडलेला मी शेकडो वेळा बघितलाय. मास्कला मी नावं ठेवत नाही. २००० साली इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला, १४ रुग्णालयांच्या साध्या वॉर्डांतला, २३६ रुग्णांचा, सगळे जुनाट दम्यासारख्या सीओपीडीचे. मास्कवर बायपॅप दिल्याने रुग्णालयातले मृत्यू २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. आणि ते बायपॅप लावत होत्या वॉर्डातल्या परिचारिका. हा अभ्यास मी माझ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले.

पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात. शेतात अनवाणी, पायाला चीर, उंदराच्या लघवीने दूषित पाणी. त्यांतल्या काहींच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो. खोकल्यातून रक्त येतंय, बीपी पडलाय, माणूस भ्रमिष्ट बोलतोय, तर तिथे मास्कही नको आणि हेल्मेटही नको. तिथे वेळेत ट्यूब. मास्क किंवा हेल्मेटवर ‘अजून थोडं बघू’ म्हणत रात्र काढणं हा आपल्याकडचा सगळ्यांत महागात पडणारा घोटाळा आहे, आणि रेफर करायला गाडी नाही म्हणून तो जास्त होतो. जोरजोरात श्वास ओढून सुजलेल्या फुप्फुसाला आणखी इजा होते. त्यासाठी तासाभराने मोजायचं एक साधं मापन आहे, हेकॉर: नाडी, रक्तातली आम्लता, शुद्धीची पातळी, ऑक्सिजन, श्वासाचा वेग. तासाने आकडा ५ च्या वर असेल तर हा उपचार फसण्याची शक्यता मोठी, तयारीला लागा. कागदावर छापून भिंतीला लावता येतं ते. हेल्मेटमध्ये तर याची जास्तच गरज, कारण रुग्ण एका श्वासात किती हवा घेतोय हे मशीन नीट सांगू शकत नाही. डोळ्यांनी छाती बघावी लागते, मानेचे स्नायू बघावे लागतात.

आता ऑक्सिजनचा हिशोब, कारण तुमच्या टेबलावर हाच खरा विषय आहे. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो. हेल्मेटला मिनिटाला ६० लिटर वारा, त्यात ऑक्सिजन ६० टक्के ठेवायचा तर साधारण ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो, बाकीची हवा. म्हणजे जंबो चार तास पुरा पडत नाही. एका रुग्णाला दिवसाला सहाच्या वर जंबो. हे सिलिंडर चढवायचे कुणी? रात्री वॉर्डात एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असतो. म्हणून सिलिंडरवर चालणाऱ्या ग्रामीण रुग्णालयात हेल्मेट ठेवूच नये. जिथे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी आणि पाइपलाइन आहे तिथेच. कोविडमध्ये आपल्याकडे हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लांट बसले, ते चांगलं झालं, पण प्लांटला वीज लागते आणि पाइपलाइनला मर्यादा असते. एका टोकाला तीन हेल्मेट लावली आणि दुसऱ्या टोकाच्या खाटांचा दाब उतरला असं व्हायला नको. खरेदीच्या आधी एकदा इंजिनीअरला पाठवून प्रत्येक खाटेशी खरोखर किती फ्लो मिळतो ते मोजून घ्या. फार वेळखाऊ काम नाही ते.

विजेचं कोकणाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा वीज, फोन, रस्ता सगळं एकदम गेलं होतं. हेल्मेटची एक जमेची बाजू अशी की साध्या सीपॅपसाठी, म्हणजे एकसारखा दाब ठेवायला, ते टाकीच्या ऑक्सिजनवर, विजेशिवाय, मशीनशिवायही चालतं. दुसरी बाजू तितकीच खरी, की आत येणारा वारा कुठल्याही कारणाने बंद पडला तर माणूस बंद टोपीत गुदमरतो. सुरक्षेचा व्हॉल्व्ह असलेलंच हेल्मेट घ्या, आणि निविदेत ते स्पष्ट लिहा. आणि हेल्मेटवरच्या रुग्णाला नजरेआड करायचं नाही, हे लेखी द्या.

ॲम्ब्युलन्समध्ये तर नकोच. गाडीतल्या बी टाइप सिलिंडरमध्ये १,५०० लिटर असतो. सगळा वारा त्यातूनच घेतला तर मिनिटाला ६० लिटरने तो २५ मिनिटांत रिकामा. ओरोसहून निघालेली गाडी सावंतवाडी गाठायच्या आत. देवगडहून कोल्हापूर म्हणजे घाट चढून तीन-चार तास, पावसात दरड कोसळली की किती ते देव जाणे. हेल्मेटवर रुग्ण स्थिरावला म्हणून त्याच अवस्थेत गाडीत घालायचा मोह होईल. तो टाळा. न्यायचं ठरलं तर नेण्याची सोय आधी, मग निर्णय.

आपल्याला हे अंतर आहे म्हणूनच मी लिहिते आहे, हेही समजून घ्या. शहरात मास्क फसला तर पलीकडच्या खोलीत व्हेंटिलेटर असतो, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. आपल्याकडे मास्क फसला की घरची माणसं अंगणातला आंबा गहाण टाकायचा की बायकोची पाटली मोडायची हे वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसून ठरवतात. इथे ट्यूब टळणं म्हणजे एक घर सावरणं असतं.

तर मागणं काय? सगळ्यात आधी, आणि यासाठी फारसा पैसाही लागत नाही: जिथे जिथे बायपॅप आहे तिथे मास्क तिन्ही मापांत द्या, लहान, मध्यम, मोठा. मशीनच्या नळीला जुळणारेच द्या. हवा बाहेर सोडायला भोक असलेला मास्क वेगळा आणि नसलेला वेगळा, आणि चुकीची जोडी लावली तर पुन्हा कार्बन डायऑक्साइडचाच घोळ. सोबत काही पूर्ण चेहऱ्याचे मास्क द्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत झाकणारे, नाकाच्या हाडावर न टेकणारे. नाकावर आधीच लावायच्या जखमरोधक पट्ट्या द्या. एवढं झालं तरी निम्म्या तक्रारी मिटतील असं माझं मन सांगतं.

मग हेल्मेट. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबाग इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सुरुवात त्यांच्याच अतिदक्षता विभागांत करा, प्रत्येकी दोन खाटांपासून. हेल्मेट गळ्याच्या घेरावरून निवडतात, म्हणून सगळी मापं मागवा. व्हॉल्व्ह, फिल्टर, कानातले बोळे, आणि ६० लिटरच्या वर जाणारे फ्लोमीटर हे सगळं एकाच संचात मागवा, वेगवेगळ्या निविदांत तोडू नका. तोडलं की एक भाग मार्चला येतो आणि दुसरा पुढच्या दिवाळीला. बहुतेक हेल्मेट एकाच रुग्णासाठी असतात, धुऊन दुसऱ्याला लावायची नव्हेत, तेव्हा हा दरवर्षीचा खर्च आहे हे पहिल्याच टिपणीत लिहा.

आणि माणसं. पहिले काही तास दोन रुग्णांमागे एक परिचारिका हवीच हवी. आज रात्रपाळीला एकीकडे आठ-आठ खाटा असतात. ही एक अट पाळता येणार नसेल तर हेल्मेट घेऊ नका, मी स्वतः सांगते, घेऊ नका. प्रशिक्षण सभागृहात प्रोजेक्टरवर नको, खाटेपाशी हवं. प्रत्येक परिचारिकेने आणि प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने स्वतः हेल्मेट घालून पाच मिनिटं बसावं. आवाज कसा येतो, काख कशी दुखते, बाहेरच्याचं बोलणं कसं ऐकू येत नाही, हे कळलं की रुग्णाशी वागणं आपोआप बदलतं.

एक वही ठेवा. कुणाला काय लावलं, किती तास टिकलं, कातडी फुटली का, जेवले का, ट्यूब लागली का, घरी गेले का. तिन्ही ठिकाणच्या वह्या तीन महिन्यांनी समोरासमोर ठेवून वाचा. शिकागोचे, इटलीचे, सौदीचे आकडे मी वर दिले, पण दात नसलेल्या, पाच दिवस ताप अंगावर काढून आलेल्या आपल्या माणसांचे आकडे त्यांत नाहीत. वर्षभराने त्या वहीत हेल्मेटचा उपयोग दिसला नाही, तर ते बंद करा आणि तो पैसा रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेवर घाला. मला त्याचं वाईट वाटणार नाही.

मी कुडाळात राहते. प्रशिक्षणाला बोलावलंत तर तिन्ही जिल्ह्यांत कुठेही येईन, एसटीने येईन, मानधन नको. गळा मोजायची टेप आणि मागून आणलेलं एक जुनं हेल्मेट माझ्याकडे आहे, शिकवायला तेवढं पुरेल.

आपली,
अतिदक्षता विभागातली एक निवृत्त परिचारिका
सिंधुदुर्ग